डिस्चार्जनंतरचा पेशंट

जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून आपापले दवाखाने बंद ठेवून आलेल्या माझ्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो, मिरजेत तुमचं मनापासून स्वागत.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली या गावात रुग्णालय उभारलं. तेव्हापासून पार कर्नाटकातूनही माणसं उपचारासाठी इथल्या स्टेशनवर उतरतात. आज त्यांत हृदयविकाराचे पेशंट पुष्कळ. अँजिओप्लास्टी होते, अनेकांचा खर्च महात्मा फुले योजनेतून भागतो, चार-पाच दिवसांत माणूस चालत घरी जातो आणि सांगतो, ‘ब्लॉक काढला, आता बरा झालो.’ मला धास्ती वाटते ती या वाक्याची.

एक अडथळा दूर झाला, पण धमन्यांचा आजार अंगातच आहे. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला तिथे व्रण राहतो. त्यातून ठोके बिघडतात, कधी अचानक मृत्यू ओढवतो. काहींचं हृदय हळूहळू मोठं होतं, पंपिंग कमी पडतं, पायांवर सूज येते, दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या पहिल्या काही महिन्यांत मनानेच बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

हे टाळण्याची औषधं जुनी आहेत, स्वस्त आहेत. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासात सिमव्हास्टॅटिनमुळे एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. तरीही २०११च्या ‘प्युअर’ अभ्यासात, भारत ज्या गटात होता त्या कमी उत्पन्नाच्या देशांत, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर दहांपैकी आठ जण यांतली एकही गोळी घेत नव्हते. हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही.

कारण माणसं बेफिकीर नसतात. ऊसतोडीला येणाऱ्या कामगाराचा विचार करा. ऑपरेशन एका जिल्ह्यात, घर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि हंगामभर मुक्काम कारखान्याजवळच्या फडावर. चिठ्ठी महिन्याभराची, तीही इंग्रजीत. गोळ्या संपल्यावर छातीत दुखत नाही, मग दिवसाची मजुरी बुडवून तो दवाखान्यात कशाला येईल? तंबाखूची पुडी मात्र फडावरही मिळते. ती सोडवण्यासाठी त्याच्याशी बसून बोलायचं, बीपी-शुगर मोजायची, कुठली गोळी वर्षभर आणि कुठली जन्मभर हे समजावायचं, हे काम कॅथलॅबमध्ये होणार नाही. ते तुमच्या-माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर व्हायचं आहे.

म्हणून स्वागत समितीने एका पानाचं मराठी कार्ड तयार केलं आहे: स्टेंटची तारीख, प्रत्येक गोळी कशासाठी, कधीपर्यंत, आणि ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका’ हे ठळक अक्षरांत. दुपारच्या सत्रात ते तुमच्यापुढे येईल. त्यात काय वाढवायचं, काय खोडायचं, ते मोकळेपणाने सांगा. पेन टेबलावर ठेवली आहेत.