यंत्र आले, पाण्याचे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पारोळ्याहून धुळे एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर. पण २०१२ साली या वाटेत एक सीमारेषा आडवी आली होती. त्या वर्षी २ जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होते, जळगाव नव्हते. धुळ्याच्या पिवळ्या-केशरी कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार मोफत. त्याच आजाराने धुळ्याला आलेल्या त्याच्या पारोळ्याच्या सोयऱ्याला मात्र कपाशीचे पैसे मोडायचे, नाहीतर घरातले दागिने. जळगावचा नंबर लागला नोव्हेंबर २०१३ मध्ये. सोळा महिने! हृदयाच्या झडपेला शासनाचे टप्पे कळत नाहीत.

पुढे २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली, कार्डाच्या रंगाची अटही सुटली. जळगावला २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. हे सारे चांगलेच झाले. पण कार्ड हाती आले म्हणजे उपचार झाला, असे नाही.

डायलिसिसचेच घ्या. महागडे यंत्र सगळ्यांना दिसते, पण ते चालते पाण्यावर. मिनिटाला साधारण अर्धा लिटर, असे चार तास. म्हणजे एका रुग्णाला एका वेळी १२० लिटर, तेही क्षार आणि क्लोरीन काढलेले. ते शुद्ध करताना आणखी कितीतरी पाणी वाया जाते. ज्या खानदेशात उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहतात, तिथे हे पाणी रोज हवे. वीज हवी, तंत्रज्ञ हवा. यंत्राच्या उद्घाटनाला फीत असते; दुरुस्तीच्या कराराची फीत कापायला कुणी येत नाही!

शिवाय हा उपचार एकदा घेऊन भागत नाही. बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन वेळा, मूत्रपिंडाचे रोपण झाले नाही तर जन्मभर. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरून महिन्याला दहा-बारा खेपा. सुई टोचण्याचे पैसे लागत नाहीत, पण रोग्याची आणि सोबत्याची मजुरी बुडते, भाडे लागते. मग दोन खेपांची एक होते. अंगावर सूज चढते, धाप लागते, आणि डॉक्टर विचारतात, ‘मागच्या वेळी का आला नाहीत?’

तालुक्याला यंत्र येणार अशी बातमी वाचाल, तेव्हा यंत्रे किती एवढेच विचारू नका. पाण्याची टाकी केवढी, रात्री वीज गेली तर काय, आणि शेवटची एस.टी. किती वाजता, हेही विचारा.