पाहिलेली रेघ, कल्पिलेली रेघ

शाईचं रेखाटन बघायचं कसं, याबद्दल आज बोलू या. त्यासाठी एक गेंडा पुरेल.

गुजरातच्या सुलतानाने हा गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला नजर केला. गोव्याहून जहाजाने निघून तो 20 मे 1515 रोजी लिस्बनला पोहोचला. त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन न्यूरेंबर्गला चित्रकार आलब्रेख्त ड्यूररच्या हाती पडलं. ड्यूररने गेंडा कधीच पाहिला नाही. तरी लेखणी आणि तपकिरी शाई घेऊन त्याने तो काढला. लाकडी ठशाचं त्याचं जगप्रसिद्ध चित्र या रेखाटनातूनच पुढे आलं. मूळ कागद आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

या गेंड्याचं चित्र मिळवा आणि आधी पोट बघा. सावली फासलेली नाही, रेघांनी विणलेली आहे. पोटाच्या गोलाईबरोबर रेघा वळतात. विरळ तिथे उजेड, दाट तिथे अंधार. मग खांद्याकडे या. भारतीय गेंड्याच्या कातडीला घड्या असतातच. ड्यूररने त्यांचं चिलखत केलं. आणि पाठीवर एक छोटं शिंग आहे, जे कुठल्याच गेंड्याला नसतं! ऐकीव माहिती जिथे संपली, तिथे लेखणीच विचार करू लागली. रेघ मात्र सगळीकडे तितकीच ठाम आहे.

आता आपल्या पुण्यात या. पेशव्यांच्या शिकारखान्यात गेंडा होता. नोव्हेंबर 1790 मध्ये गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर चित्रकाराने तो चितारला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटसाठी तो काम करी. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ड्यूररला जे मिळालं नाही, ते गंगारामला मिळालं: प्रत्यक्ष जनावर. ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघण्यासारखा दुसरा धडा नाही.

आणि एक करून बघा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचा एक अणकुचीदार खिळा घरी बसून आठवणीने पेनने काढा. पेन्सिल नको, कारण खोडायची सोय नको. मग दरवाजासमोर उभं राहून तोच खिळा पुन्हा काढा. कुठली रेघ डोळ्यांनी दिली आणि कुठली मनाने पुरवली, हे त्या दोन कागदांवर लख्ख दिसेल. तो फरक एकदा कळला, की ड्यूरर असो वा गंगाराम, कुणाचंही रेखाटन तुम्हाला वाचता येईल.