उतारू आणि रहिवासी

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने प्रवास करणाऱ्यास केव्हा ना केव्हा एखाद्या मोडकळीस आलेल्या हॉटेलात रात्र काढावी लागते. मोझांबिक देशातील बैरा बंदरात असा प्रसंग आला, तर मराठी प्रवाशास एक अनपेक्षित सोबत लाभते. ती सोबत म्हणजे शब्दांची. हॉटेलचा माणूस खोलीची ‘शाव’ हाती देतो. नळ कोरडा असल्याने पाण्याचे ‘बाल्द’ आणून ठेवतो. आणि सकाळी चहाबरोबर ‘पांव’ मिळेल, असे सांगतो. चावी, बादली आणि पाव! पोर्तुगीजांनी हे शब्द जसे तेथे नेले तसेच ते आपल्याकडेही रुजवले. यात आश्चर्य नाही. 1752 सालापर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहूनच चालत असे.

शब्दांचे कौतुक ओसरले की खोलीकडे लक्ष जाते. पंखा आहे, पण वीज गेलेली आहे. मच्छरदाणीस दोन-तीन भोके आहेत, आणि या भागात हिवतापाचे भय वर्षभर असते. खिडकीची काच फुटलेली असून तेथे ‘कापुलाना’ नावाचे, बायकांच्या नेसण्याचे रंगीत कापड टांगले आहे. भिंतीचे पोपडे निघाले आहेत आणि छतातील गंजलेली सळई बाहेर डोकावते आहे. प्रवासी कंटाळतो आणि मनाशी निर्णय देऊन मोकळा होतो, की येथील लोकांस टापटीप ठाऊकच नाही.

हा निर्णय किती उतावळा आहे, हे समजण्यासाठी प्रवाशाने उजाडताच समुद्राच्या बाजूस असलेल्या पोंता जेआ या वस्तीत जावे. तेथे काँक्रीटचा एक प्रचंड सांगाडा उभा आहे. त्याचे नाव ग्रांदे हॉटेल. 1954 साली ते उघडले, तेव्हा आफ्रिकेतील अत्यंत वैभवशाली हॉटेलांत त्याची गणना होई. शंभरांहून अधिक खोल्या, रुंद वळणदार जिने, समुद्राकडे तोंड केलेले सज्जे आणि शर्यतींस पुरेल एवढा पोहण्याचा तलाव असा त्याचा थाट होता. हे वैभव पोर्तुगीज धनिकांसाठी आणि ऱ्होडेशियाहून सुट्टीस येणाऱ्या गोऱ्या कुटुंबांसाठी होते. आफ्रिकी माणूस त्या जिन्यावर चढे तो बहुधा दुसऱ्याचे सामान उचलूनच.

पण येणाऱ्या पाहुण्यांच्या मानाने हॉटेल फार मोठे होते. खर्चाची तोंडमिळवणी होईना. 1963 साली, म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत, त्याचे दरवाजे बंद झाले. तेव्हा देशावर पोर्तुगीजांचीच सत्ता होती, ही गोष्ट विसरता कामा नये. हॉटेल बुडाले ते स्वातंत्र्यामुळे नव्हे. ज्या भूमीवर ते उभे होते, तिच्याशी त्याच्या हिशेबाचा मेळ कधी बसलाच नव्हता.

25 जून 1975 रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. बहुसंख्य पोर्तुगीज देश सोडून गेले. त्यांच्याबरोबर दुकानदार गेले, अभियंते गेले, यंत्रे दुरुस्त करणारे कारागीरही गेले. कारण ती विद्या स्थानिकांस शिकवण्याची तसदी परक्या राजवटीने फारशी घेतली नव्हती. पाठोपाठ 1977 पासून 1992 पर्यंत यादवी युद्ध पेटले. खेडी जळाली. जीव वाचवून शहरात आलेल्या माणसांना छप्पर हवे होते, आणि ग्रांदे हॉटेलात छप्पर होते. एकेका खोलीत एकेक कुटुंब शिरले. शांततेचा करार झाला, तरी परत जाण्यास अनेकांचे गावच उरले नव्हते.

आजही तेथे हजारांहून अधिक माणसे राहतात. नळ नाही. उंची लाकडी फरशी केव्हाच उखडून चुलीत गेली. उद्वाहकांच्या उघड्या विहिरी आणि कठडे नसलेले सज्जे लहान मुलांच्या जिवावर टपलेले असतात. तलावात साचलेल्या पावसाच्या पाण्यावर कपडे धुतले जातात. खारा वारा काँक्रीटमध्ये शिरतो, आतील लोखंड गंजून फुगते आणि गिलाव्याचे ढलपे कोसळतात. परंतु त्याच अंधाऱ्या मार्गिकांत कोणी टोमॅटो, कांदे नि मासळी विकावयास बसलेली असते. दारासमोरचा भाग झाडलेला असतो. वाटाघाटींसाठी रहिवाशांनी आपल्यातलाच प्रमुख निवडलेला असतो. मार्च 2019 मध्ये ‘इदाई’ वादळाने बैरा शहर उद्ध्वस्त केले, असंख्य घरांचे पत्रे उडाले; हा सांगाडा मात्र उभा राहिला.

म्हणून पडझडीकडे पाहण्याची दृष्टी प्रवाशाने बदलली पाहिजे. मोडकी खिडकी दिसली की मनुष्य आळसाचे अनुमान काढतो. पण तिच्यावर कापुलाना बांधणाऱ्या हाताचा उद्योग त्यास दिसत नाही. काच मिळत नाही किंवा परवडत नाही, तेथे कापड बांधणे हीच दुरुस्ती होय. कोरड्या नळाची तक्रार करणाऱ्याने आपली बादली कोणी आणि किती लांबून भरून आणली, एवढे तरी विचारावे. सुईदोरा जवळ बाळगावा, मच्छरदाणीची भोके स्वतः शिवावी, आणि ग्रांदे हॉटेलाच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी परवानगी मागावी. ते कोणाचे तरी घर आहे. भग्नावशेषांचे छायाचित्र घेणे सोपे असते. ज्याची चूल त्या चित्रात येते, त्याला विचारणे अवघड वाटते, इतकेच.

दुसऱ्या दिवशी प्रवासी आपल्या हॉटेलची चावी परत करतो आणि पुढच्या गावास निघतो. वाईट खोलीची आठवण चार दिवसांत पुसट होते, मित्रमंडळींत रंगवून सांगण्यापुरती उरते. असे निघून जाता येणे, हेच उताऱूचे खरे वैभव. ग्रांदे हॉटेलातील रहिवाशापाशी परत करण्यास चावी नाही, आणि जाण्यास दुसरे गावही नाही.