पिल्लाच्या खाद्यातील तोल

मांसासाठी वाढवावयाचे कोंबडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा सुमारे ४० ग्रॅम भरते. सहा आठवड्यांत ते दोन किलोंच्या पुढे जाते. एवढी वाढ खाद्याच्या राशीपेक्षा त्यातील घटकांच्या प्रमाणावर अवलंबून असते.

मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल अपुरे असते. सोयाबीनची पेंड ती उणीव भरून काढते. तथापि तिच्यात मेथिओनिन तोकडे पडते. एक आम्ल उणे पडले, की उरलेली मांस घडविण्याच्या कामी येत नाहीत. त्यांतील नत्र विष्ठेवाटे बाहेर पडते, ओल्या तुसात त्याचा अमोनिया होतो आणि पिल्लांचे डोळे चुरचुरू लागतात. महागाचे प्रथिन असे वाया जाते.

खनिजांचेही तसेच. वनस्पतिज खाद्यातील सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो व पिल्लास तो फारसा लाभत नाही. तो मोकळा करणारे फायटेज हे विकर १९९१ मध्ये बाजारात आले. कॅल्शियम हे उपलब्ध फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावे. चुनखडी सढळ हाताने घातली, तर फॉस्फरसचे शोषण अडते, हाडे मऊ राहतात आणि मांसाने जड झालेले पिल्लू पायांवर उभे राहू शकत नाही.

कुक्कुटपालकाचा सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असतो. तेव्हा मोजून घालणे, हीच त्याची खरी काटकसर होय.