नाईलचे माप आणि शेतसारा



कर कोणत्या तत्त्वावर बसवावा याची चर्चा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत भरपूर असते. तो ज्या मापाने मोजला जातो ते माप कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न मात्र तेथे क्वचितच आढळतो. म्हणून आज ईजिप्तमधील नाईलमापकांविषयी बोलतो.

त्या देशात पाऊस जवळजवळ नाही. उन्हाळ्यात नाईल चढे, शेतांत गाळ व ओल ठेवून ओसरे, मग पेरणी होई. पूर किती चढला यावरून पीक किती येणार हे काही महिने आधीच कळे. त्यासाठी नदीकाठच्या पायऱ्यांलगत किंवा विहिरीतील खांबावर हातांच्या खुणा कोरलेल्या असत. आस्वानजवळील एलिफंटाइन बेटावरच्या मापकाचे वर्णन करताना स्ट्राबो मोकळेपणाने सांगतो, की त्याचा उपयोग शेतकऱ्याला पाणीवाटपासाठी आणि अधिकाऱ्याला महसुलासाठी होतो. पूर मोठा तर वसुलीही मोठी. प्लिनीने पहिल्या शतकात कोष्टकच दिले आहे: १२ हातांना दुष्काळ, १३ ला उपासमार, १४ ला आनंद, १५ ला निर्धास्तपणा, १६ ला समृद्धी. चार हातांच्या अंतरात एका देशाचे पोट!

माझ्या मते, तत्त्व म्हणून ही आकारणी न्याय्यच होती. पीक बुडाले तरी ठरलेला सारा मागणाऱ्या पद्धतीपेक्षा ती कितीतरी बरी. कैरोजवळील रोडा बेटावर ८६१ साली, खलिफा अल्-मुतवक्किलच्या कारकिर्दीत, उभारलेला अष्टकोनी संगमरवरी खांब आजही उभा आहे. तीन भुयारांतून नदीचे पाणी त्याच्या विहिरीत येई. १६ हात पाणी भरल्यावाचून शेतसारा घ्यायचा नाही, असा जुना दंडक होता. रयतेला काय ते तेवढेच संरक्षण.

ते संरक्षण मोडण्यासाठी खांबाला हात लावावा लागला नाही. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची हकीकत आहे. मापकाचा शेख रोजचा आकडा दवंडीवाल्यांना देई आणि ते कैरोच्या गल्ल्यांतून तो पुकारीत. परंतु हे आकडे बहुधा खोटे असत. १६ हात भरल्याचे लोकांना होईल तितक्या लवकर पटवण्यात सरकारचा स्वार्थ होता. दूर खेड्यातला फल्लाह, म्हणजे तिथला शेतकरी, तो खांब पाहणार कोठून? त्याला ऐकू येई ती दवंडी, आणि दवंडीमागून येई तो वसुलीचा माणूस.

१९७० साली आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले व कैरोचा वार्षिक पूर संपला. आता नाईलमध्ये पाणी किती सोडायचे, हे पाटबंधारे मंत्रालय ठरवते.