घोरणं, श्वासाचं यंत्र आणि अंगातला दाह

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय घोरण्याचा आहे. हसू नका. घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपलेला माणूस, असं आपण समजतो. पण एक घोरणं वेगळं असतं. माणूस मोठ्यानं घोरतो आणि मग एकदम शांत होतो. छाती-पोट हलतं, पण नाकातोंडातून वारा जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त असेच जातात. मग गुदमरल्यासारखा आवाज होतो आणि श्वास परत सुरू होतो. सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. माहीत असतं ते शेजारी जागणाऱ्या बाईला. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ साली मुंबईत वारले. त्यांनाही हा आजार होता, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी ३५ ते ६५ वर्षांच्या ६५८ पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष छापले. साधारण पाचातल्या एकाच्या झोपेत श्वासाचा बिघाड होता. दिवसा झोप येण्यासारखा त्रासही ज्यांना होता, असे शंभरात सात-आठ होते. त्या पाहणीत बायका नव्हत्याच. पण आजार बायकांनाही होतो आणि पाळी गेल्यावर त्याचा धोका वाढतो. बाई घोरण्याची तक्रार घेऊन जात नाही. ती म्हणते, सकाळी डोकं दुखतं, झोप लागत नाही, उठल्यापासूनच थकवा असतो. घरचे म्हणतात, कामाचा शीण आहे, आणि विषय तिथेच संपतो.

आता होतं काय ते बघू. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात. काहींचा घसा त्यामुळे मिटतो आणि रक्तातला ऑक्सिजन खाली जातो. मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो, श्वास सुरू होतो, ऑक्सिजन पुन्हा वर येतो. आजार जोरात असेल तर हे तासाला तीस वेळा किंवा त्याहून जास्त होतं. रात्रभर चाललेल्या या खाली-वर होण्याला शरीर हल्ला समजतं. रक्तातल्या राखणदार पेशी जाग्या होतात आणि अंगात बारीक दाह सुरू राहतो. वरून विझलेल्या चुलीत राखेखाली निखारा राहावा, तसा. ताप येत नाही, दुखत नाही. पण रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होत जातं. या आजारात रक्तदाब वाढतो, हृदयाला आणि मेंदूला धोका होतो, त्यामागचं हे एक कारण आहे. हा दाह रक्ताच्या तपासणीत दिसू शकतो. त्यातल्या एका तपासणीचं नाव सीआरपी.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा दाह म्हणजे गुडघ्याची किंवा पायाची सूज नव्हे. पायावर सूज असेल तर ती वेगळी दाखवा.

या आजारावरचं मुख्य यंत्र म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ते जगापुढे आणलं. छोटी पेटी, एक नळी आणि नाकावर बसणारा मास्क, एवढंच ते असतं. ते ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा थोड्या जोरानं आत ढकलतं, म्हणजे घसा मिटत नाही. तो जोर किती? पाण्यात अर्धी वीत खोल नळी बुडवून फुंकर मारा. बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, साधारण तेवढा.

यंत्र स्वस्त नाही. त्यासाठी गटातून कर्ज घ्यायचं, तर ते काय देतं आणि काय देत नाही, हे आधी कळलं पाहिजे.

घोरणं थांबतं आणि झोप सलग लागते. दिवसाची पेंग जाते. हे बऱ्याच जणांना थोड्याच दिवसांत जाणवतं. कापूस घेऊन हिंगणघाटला गाडी चालवत जाणाऱ्या माणसाचा जीव यानंच वाचू शकतो. रक्तदाब थोडा उतरतो.

दाहाचं उत्तर मात्र सरळ नाही. काही अभ्यासांत रोज चार तासांहून जास्त आणि काही महिने यंत्र लावणाऱ्यांचा सीआरपी थोडा उतरला, तर काहींत उतरला नाही. अमेरिकेत १८१ जाड माणसांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली छापून आला. काहींना फक्त यंत्र दिलं, काहींचं फक्त वजन उतरवलं, काहींना दोन्ही. सहा महिन्यांनी वजन उतरवलेल्यांचा सीआरपी कमी झाला. नुसतं यंत्र लावणाऱ्यांचा झाला नाही. कारण पोटावरची चरबी स्वतःच दाह वाढवते आणि यंत्र चरबीला हात लावत नाही.

२०१६ साली आणखी मोठा अभ्यास आला. त्यात सात देशांतले २,७१७ हृदयाचे आणि पक्षाघाताचे रुग्ण होते, भारतातलेही होते. यंत्रानं त्यांचे पुढचे झटके कमी झाले नाहीत, पण पेंग कमी झाली आणि मन हलकं झालं. ते लोक रात्री सरासरी ३.३ तासच यंत्र लावत होते, हेही ध्यानात घ्या. अर्धी रात्र मास्क काढून ठेवला, तर अर्धी रात्र आजार तसाच राहतो.

म्हणून कोणी म्हणालं की यंत्र घ्या, अंगातली सगळी सूज जाईल, बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतील, तर त्याचं ऐकू नका. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. आणि सीआरपी उतरला नाही म्हणून यंत्र अडगळीत टाकायचं, असंही करू नका. झोप सुधारली, पेंग गेली, तर यंत्र आपलं काम करतं आहे. जोडीला वजन उतरवा, दारू आणि विडी सोडा, उताणं न झोपता कुशीवर झोपा.

घरात संशय असेल तर मोबाइलवर घोरण्याचा व्हिडिओ काढा. श्वास थांबतो ते त्यात दिसलं पाहिजे. तो घेऊन सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय गाठा आणि छातीच्या आजारांच्या डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते झोपेची तपासणी सांगतील. त्या तपासणीशिवाय यंत्र विकत घेऊ नका. आधी काही दिवस भाड्यानं मिळतं का, विचारा. मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का, ते बघून घ्या. रोज मास्क धुवा आणि धुळीची जाळी साफ ठेवा. वीज गेली की यंत्र थांबतं, तेव्हा मास्क काढून ठेवा. तुमच्याकडे रात्रीची वीज सारखी जात असेल, तर बॅटरीचा खर्च आधीच हिशोबात धरा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना दोन प्रश्न विचारा. घरात झोपेत कुणाचा श्वास थांबतो का? आणि रात्रभर झोपूनही तू स्वतः थकलेली उठतेस का? दुसरा प्रश्न विसरू नका. नवऱ्याचं घोरणं आपल्याला ऐकू येतं. आपलं कुणी ऐकलंय का, तेही घरात विचारून बघा.