सगळं चालवतं कोण? अनुभवी प्रोग्रामरचं दुसरं शिक्षण

आजची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

लातूरच्या मार्केट यार्डात माझ्या काकांचं आडतीचं दुकान आहे. नांदेडकरांनो, तुमचा मोंढा समजा. तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या सीझनला मी त्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहून दिलं. दिवाळीच्या आधी हमालीचा दर कट्ट्यामागे दोन रुपयांनी वाढला. काकांचा फोन आला, मी पुण्यात बसून लॅपटॉप उघडला, दर बदलला, दहा मिनिटांत मोकळा झालो.

दोन दिवसांनी औसा तालुक्यातले एक शेतकरी दुकानात परत आले. त्यांनी 40 कट्टे घातले होते. हातातल्या पट्टीवर जुन्या दराने कपात होती, खात्यावर पैसे मात्र नव्या दराने कापून आले होते. फरक 80 रुपयांचा. ते भांडले नाहीत. फक्त विचारलं, "यातलं खरं कोणतं?"

काकांनी तिथल्या तिथं पैसे दिले. रात्री मला म्हणाले, "80 रुपयांचं काही नाही रे. पण पुढच्या वर्षी ते माल कुणाकडं घालतील?"

चूक साधी होती. हमालीचा हिशोब तीन फंक्शनमध्ये होता: पट्टी छापणारं, खात्यावर जमा करणारं आणि रोजचं रजिस्टर बनवणारं. मी दोन बदलली, तिसरं राहिलं.

तुम्ही म्हणाल, दर एकाच जागी लिहून ठेवायचा ना! बरोबर आहे, पण तो अर्धाच इलाज. माल कट्ट्यात आला तर हमाली कट्ट्यावर, सुटा आला तर क्विंटलवर. ही इफ-एल्स तीन ठिकाणी होती. दर एका जागी आणला तरी हमाली काढायची कशी, ही अक्कल तीन जागी सांडलेलीच राहते.

आणि हे लिहिणारा माणूस नवशिका नव्हता. नांदेडला विष्णुपुरीत बीटेक केलं, त्यानंतर चार वर्षं मीटरसाठी सी भाषेत कोड लिहिला. पॉइंटर, मेमरी, बग शोधणं, सगळं हाताखालचं. मग नोकरी बदलली आणि जावात अॅप्लिकेशन बनवणाऱ्या टीममध्ये गेलो. वाटलं, भाषाच बदलायची, पंधरा दिवसांचं काम. एन्कॅप्सुलेशन, अॅबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या चार व्याख्या तर कॉलेजात पाठ करून पेपरात लिहिल्याच होत्या. आम्ही लातूरवाले, सराव कसा करायचा हे आम्हाला कुणी शिकवू नये!

जावाचं व्याकरण खरंच पंधरा दिवसांत आलं. मग पहिला कोड रिव्ह्यू झाला. माझा एक क्लास होता, नावात मॅनेजर, 1900 ओळी. बाकीचे क्लास म्हणजे नुसत्या डब्या: आत डेटा, बाहेर गेटर आणि सेटर. मॅनेजर प्रत्येक डबी उघडणार, आतलं काढणार, हिशोब करणार, परत ठेवणार. आमच्या टीममधल्या सीनियर ताईंनी एकच ओळ लिहिली: "हे सीच आहे, फक्त जावाचे कपडे घातलेत."

राग आला. कोड चालत होता ना! पण काकांच्या दुकानातली ती पट्टी आठवली. तिथंही मी हेच केलं होतं.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्यानेच माझी गाठ सुटली. ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये जन्मली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी 1960च्या दशकात सिम्युला नावाची भाषा बनवली. नावातच सिम्युलेशन आहे. रांगा, गिऱ्हाइकं, यंत्रं, म्हणजे खरी चालती-बोलती व्यवस्था कॉम्प्युटरवर उतरवायची होती. क्लास आणि ऑब्जेक्ट सिम्युला 67 मध्ये आले. त्यासाठी दोघांना 2001चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढे 1970च्या दशकात अॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत स्मॉलटॉक बनवली. के नंतर सांगत राहिले की लोक ऑब्जेक्टवर अडकतात, खरी गोष्ट आहे ती ऑब्जेक्टनी एकमेकांना पाठवायचे निरोप.

आणि 1989 मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी एक छोटा पेपर लिहिला. ऑब्जेक्ट शिकवताना सगळ्यात अवघड काय, तर शिकणाऱ्याची एक सवय सोडवणं. फंक्शनच्या जगात आपल्याला वरून सगळा प्रवाह दिसतो, आधी काय, नंतर काय, कोण कुणाला बोलावतं. ते सगळं दिसण्याचं सुख सोडायचं आणि एकेका ऑब्जेक्टला जेवढं माहीत आहे तेवढ्यावर भरवसा ठेवायचा. हे वाचलं आणि वाटलं, अरे, हा तर माझाच आजार. जितका अनुभव जास्त, तितकी ती सवय पक्की. नवख्या मुलाला सोडायला काही नसतंच.

त्यांचा उपायही स्वस्त आहे. पोस्टकार्डाएवढी कार्डं घ्यायची. प्रत्येकावर तीन गोष्टी: क्लासचं नाव, त्याची जबाबदारी आणि त्याला कुणाची मदत लागते. बस.

पुढच्या सुट्टीत लातूरला गेलो तेव्हा जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून काकांच्या गादीवर मांडल्या. आवक, सौदा, काटा, पट्टी, खातं. मुनीमजी बघत होते. मी सोयाबीन, तूर, हरभरा, मूग अशी वेगळी कार्डंही केली होती, सगळी शेतमाल या कार्डाची पोरं. इनहेरिटन्स! मुनीमजींनी विचारलं, "तुरीची पट्टी आम्ही वेगळ्या रीतीनं करतो का? नाव बदललं म्हणून काम बदलतं का?" ती कार्डं मी गुपचूप उचलली. मालाचं नाव ही नुसती माहिती आहे, तिला क्लास लागत नाही. कट्टा आणि सुटा माल मात्र खरंच वेगळे वागतात, म्हणून दोन कार्डं तिथं हवीत. लक्षात ठेवा: नाव वेगळं म्हणून क्लास वेगळा करू नका. वागणं वेगळं असेल तर करा.

तरी मला चैन पडेना. मी काकांना म्हटलं, "हे सगळं ठीक, पण सगळं चालवतं कोण? मुख्य कार्ड कुठाय?"

काका हसले. "बाजार कोण चालवतो, सांग बरं? हमालाला सौद्याचं काय पडलंय? मापाडी वजन सांगतो, भाव विचारत नाही. खरेदीदार भाव लावतो, हमाली मोजत बसत नाही. मुनीम चिठ्ठी बघून पट्टी करतो, तो काही काट्यावर जाऊन उभा राहत नाही. तू सगळं एकट्याच्या डोक्यात ठेवायलास, म्हणून चुकायलास."

मित्रांनो, दहा व्हिडिओंनी समजलं नव्हतं ते इथं समजलं.

मग कोड नव्यानं लिहिला. आधी पट्टी आवकेला विचारायची: कट्टे किती, वजन किती, सुटा की भरलेला? आणि हिशोब स्वतः करायची. आता ती एकच विचारते: तुझी हमाली किती? आवक कट्ट्यातली असेल तर ती तिच्या रीतीनं काढते, सुटी असेल तर तिच्या. विचारणाऱ्याला फरक माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. पॉलिमॉर्फिझम म्हणजे एवढंच. पट्टी, खातं आणि रजिस्टर तिघेही एकाच जागी विचारतात, म्हणून तिघांना एकच उत्तर मिळतं.

जुना अनुभव वाया गेला का? अजिबात नाही. बदल करायच्या आधी मी मागच्या सीझनच्या 50 पट्ट्या, मुनीमजींनी हातानं तपासलेल्या, बाजूला काढल्या. त्यांची टेस्ट बनवली. नवा कोड प्रत्येक पट्टीवर पैशापर्यंत तेच उत्तर देतो का, हे रोज तपासलं. ही शिस्त मीटरच्या कामानं लावली होती. आणि रजिस्टरची दिवसअखेरची बेरीज आजही एक साधं फंक्शन आहे. जिथं काम सरळ आहे तिथं उगाच क्लास घालू नका.

एक धोक्याची खूणही सांगतो. तुमच्या एखाद्या मेथडमध्ये दुसऱ्या ऑब्जेक्टचे तीन-चार गेटर ओळीनं दिसले, तर थांबा. ते काम बहुतेक त्या दुसऱ्याचं आहे, तुम्ही त्याच्या गल्ल्यात हात घालताय.

गेल्या सीझनला हमाली परत वाढली. मी एक जागा बदलली, 50 पट्ट्यांची टेस्ट जुन्या दरानं आणि नव्या दरानं चालवली आणि मगच काकांना फोन केला. ते औश्याचे शेतकरी त्या वर्षी आले होते का, हे विचारायचं मला धाडस होत नव्हतं. काकांनीच सांगितलं. आले होते. पट्टी हातात घेतली, खात्याशी ताडून बघितली आणि घडी घालून खिशात ठेवली.

तर या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा एखादा चालू प्रोग्राम घ्या, पाच कार्डं करा आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्या, पण ते काम रोज करणाऱ्या माणसासमोर मांडा. तो जिथं हसेल, तिथं तुमचं डिझाइन चुकलंय. काय झालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.